पावसाळ्यात उभी व्हॅन आणि दोन बॅटऱ्या : प्रकल्प नोंदी, मे ते ऑक्टोबर २०२५

११ मे, पुणे

यंदा व्हॅन पावसाळाभर कोकणात देवरुखला नानांच्या (धाकटे काका) शेडमध्ये उभी राहणार. पुण्यात सोसायटीच्या उघड्या पार्किंगमध्ये चार महिने पाणी खात ठेवण्यापेक्षा तिकडे पत्र्याखाली बरी. व्हॅन म्हणजे आपली २०१८ ची ट्रॅव्हलर, मागे बेड, ओटा, छोटा फ्रिज वगैरे करून घेतलेली. बॅटऱ्या दोन. इंजिनाची १२ व्होल्ट ८० एएच (अँपिअर-तास) साधी पाण्याची, म्हणजे लेड अ‍ॅसिड, झाकणं उघडता येतात अशी. आणि मागच्या संसाराची १०० एएच लिथियम, एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) केमिस्ट्रीची.

चार महिने उभ्या गाडीत या बॅटऱ्या जिवंत कशा ठेवायच्या असं ज्याला विचारावं तो आधी कुठला चार्जर घेतोस तेच विचारतो. माझं म्हणणं, चार्जर नंतर, आधी उभ्या गाडीत करंट जातो कुठे ते बघू, कारण गळक्या हंड्यात पाणी ओतत बसण्यात अर्थ नाही.

तर आज इंजिनाच्या बाजूची गळती मोजली. पद्धत सोपी आहे. मल्टीमीटर १० अँपिअरच्या सॉकेटवर लावायचा, बॅटरीचा मायनस क्लँप सैल करायचा, आणि मीटर मायनस पोल आणि क्लँप यांच्या मधे सीरिजमध्ये घालायचा. मग दारं बंद, किल्ली काढलेली, आणि अर्धा तास हात लावायचा नाही कारण सुरुवातीला आकडा मोठाच दिसतो, गाडीतले कंट्रोलर झोपायला वेळ घेतात. मीटर लावलेला असताना कोणी चुकून सेल्फ मारला तर मीटरचा फ्यूज गेलाच समजा, म्हणून किल्ली माझ्या खिशात.

आकडा स्थिरावला तो ६८ मिलीअँपवर. मग एकेक फ्यूज काढत गेलो. जीपीएस ट्रॅकर २७, म्युझिक सिस्टिमची मेमरी १५, डॅशबोर्डवरचं ते निळ्या आकड्यांचं यूएसबी सॉकेट १२ (नुसता व्होल्टेज दाखवायला!), उरलेले १४ ईसीयू (इंजिनाचा कंप्युटर) आणि घड्याळाचे. फास्टॅगचा यात काही संबंध नाही, त्यात बॅटरीच नसते, टोल नाक्यावरच्या रीडरच्या लहरींवर चालतो तो. शेजारच्या काकांना हे दोनदा सांगावं लागलं.

६८ मिलीअँप ऐकायला किरकोळ वाटतं पण २४ तासांनी गुणा, रोजचे १.६ एएच, महिन्याचे ४९. म्हणजे ८० ची बॅटरी पंचवीसेक दिवसांत अर्धी, आणि दोन महिन्यांच्या आत ठार. आणि अशा गाडीत ५० मिलीअँपपर्यंतचा ड्रेन लोक नॉर्मल धरतात, रोज चालणाऱ्या गाडीला तो जाणवतही नाही, जाणवतो तो गाडी उभी राहिली की.

१४ मे

मागची बाजू. इथे शंट (बॅटरीत येणारा-जाणारा करंट मोजणारा) बसवलेला आहे त्यामुळे मीटर सीरिजमध्ये घालायची कटकट नाही, स्क्रीनवर थेट दिसतं. सगळे दिवे बंद, फ्रिज बंद, इन्व्हर्टर बंद, तरी ०.११ अँपिअर.

खाणारा कोण तर एलपीजी डिटेक्टर, एकटाच ७२ मिलीअँप. आत सेन्सर तापवत ठेवतो तो सतत, त्याचं कामच ते. पण सिलिंडर तर आपण स्टोरेजला काढूनच ठेवतो, मग डिटेक्टरने कशाचा वास घ्यायचा. बाकी सोलरचा एमपीपीटी (टपावरच्या पॅनलचा चार्ज कंट्रोलर) २१, शंटचा डिस्प्ले ९, यूएसबी सॉकेटं ८. मिळून दिवसाला २.६ एएच, महिन्याला ८० च्या आसपास. लिथियम ६० टक्क्यांवर ठेवली असती तर तीनेक आठवड्यांत बीएमएसने (बॅटरीच्या आतलं राखणदार सर्किट) कट मारला असता.

गंमत म्हणून इन्व्हर्टर चालू केला, त्यावर काहीही न लावता. ०.७ अँपिअर. दिवसाला १७ एएच नुसता बसून खातो. कोणाची व्हॅन 'आपोआप' डिस्चार्ज होत असेल तर पहिला संशयित हाच.

१७ मे, तपकीर गल्ली (पुण्यातली इलेक्ट्रॉनिक्सची बाजारपेठ) आणि नंतर

काय करायचं ते ठरलं, इथे लिहून ठेवतो कारण कारणं मी नंतर विसरतो.

लिथियमसाठी: काहीच नाही. खरंच. ५० ते ६० टक्क्यांवर आणायची, मेन स्विच बंद करायचा, विसरायची. ही बॅटरी स्वतःहून महिन्याला दोन-तीन टक्के सोडते, त्यात बीएमएसचा स्वतःचा खुराक आला. चार महिन्यांत दहा-पंधरा टक्के गेले तरी पोटात भरपूर आहे. उलट हिला १०० टक्के भरून गरम शेडमध्ये फ्लोटवर (भरलेलीच राहावी म्हणून सतत लावलेल्या व्होल्टेजवर) टांगून ठेवलं तर म्हातारपण लवकर येतं. लेड अ‍ॅसिडची सवय असलेल्या माणसाला अर्धी बॅटरी ठेवून जाणं जिवावर येतं हे मला मान्य आहे.

इंजिनाच्या बॅटरीचं बरोबर उलटं. ती भरलेलीच राहायला हवी. कमी चार्जवर पडून राहिली की प्लेटांवर सल्फेटचे खडे धरतात, ते जितके दिवस राहतील तितके घट्ट, मग चार्जर लावला तरी विरघळत नाहीत आणि बॅटरीची ताकद कायमची जाते. नुसता मायनस काढून ठेवला तर? तर गाडीची गळती शून्य, उरतं ते बॅटरीचं स्वतःचं झिरपणं, महिन्याला ३ ते ५ टक्के, उष्णता वाढली तर जास्त. म्हणजे चार महिन्यांनी ८०-८५ टक्के. गाडी चालू होईल. ज्यांना बाकी काही करायचं नाही त्यांनी एवढं केलं तरी नव्वद टक्के काम झालं, दहा नंबरचा पाना आणि दोन मिनिटं, बस.

मला ते वरचं झिरपणंही भरून काढायचंय. विजेवरचा स्मार्ट चार्जर माझ्याकडे आहे, ४ अँपिअरचा, पण तो देवरुखला जूनमध्ये लावून ठेवणं मला पटत नाही. लाइट जाते-येते, आणि कितीतरी चार्जर असे असतात की लाइट आल्यावर बटण दाबल्याशिवाय पुन्हा सुरू होत नाहीत. वर लाइट नसताना चार्जर बॅटरीतूनच थोडा थोडा करंट मागे ओढत बसतो. आणि विजा. बंद शेडमध्ये, जवळ कोणी नसताना, चार महिने २३० व्होल्ट नको.

व्हॅनच्या टपावर पॅनल आहेत ते पत्र्याखाली गेल्यावर शोभेचे. म्हणून वेगळा २० वॅटचा छोटा पॅनल शेडच्या बाहेर आणि वायर आत. तपकीर गल्लीतून पॅनल, साधा पीडब्ल्यूएम कंट्रोलर (बॅटरी भरली की पॅनलचा करंट आवरणारा), १.५ स्क्वेअर मिमीची दोन कोअर वायर, ३ अँपिअरचा फ्यूज होल्डरसकट. दुकानदार म्हणाला, "एवढ्याशा पॅनलला कंट्रोलर कशाला, डायोड लावा आणि सोडून द्या." नको. भरलेल्या बॅटरीत अँपिअरभर करंट आठवडेच्या आठवडे ढकलत राहिलं तर पाणी उडतं.

हिशोब: कंट्रोलर स्वतः १० मिलीअँप खातो, दिवसाला पाव एएच. बॅटरीचं झिरपणं साधारण ०.१. म्हणजे रोज ०.३५ एएच मिळाले की जमलं. २० वॅटचा पॅनल स्वच्छ उन्हात एका तासाला एक एएचच्या वर देतो. ढगात किती ते तिकडे गेल्यावर कळेल.

२१ मे

कालपासून पुण्यात धो धो. मे महिन्यात! प्लॅन ३१ ला निघायचा होता, आता शनिवारीच निघतोय.

आज इंजिनाच्या बॅटरीची तयारी केली. सकाळी रेस्ट व्होल्टेज १२.३८ होतं, म्हणजे साधारण ६५-७० टक्के. (पाण्याच्या बॅटरीचा ढोबळ अंदाज असा: १२.६ ते १२.७ भरलेली, १२.२ निम्मी, १२.० ला चिंता, ११.८ म्हणजे संपली. पण गाडी बंद करून चारपाच तास गेल्यावर मोजलं तरच, लगेच मोजलं तर वरवरचा चार्ज फसवतो.) टर्मिनलवरची पांढरी-निळसर पावडर खायच्या सोड्याच्या गरम पाण्याने धुतली, कोरडं केलं, व्हॅसलीन लावलं. दोन सेलमध्ये डिस्टिल्ड वॉटर थोडं कमी होतं ते चार्जिंग झाल्यावर भरणार, आधी काठोकाठ भरलं तर चार्ज होताना वर येऊन सांडतं. प्लेटा उघड्या पडल्या असत्या तर आधीच भरलं असतं, तसं नव्हतं.

२२ मे

रात्रभर आणि दुपारपर्यंत चार्जरवर. संध्याकाळी १२.७२. हायड्रोमीटर (अ‍ॅसिडची घनता मोजणारी नळी) पाच सेलला १.२७०, एकाला १.२६५. घरच्या इन्व्हर्टरच्या ट्युब्युलर बॅटरीला १.२४० लाच पूर्ण म्हणतात, तो आकडा इथे लावायचा नाही, गाडीच्या बॅटरीत अ‍ॅसिड जास्त कडक असतं.

२५ मे, देवरुख

काल आंबा घाटातून आलो, वायपर फुल स्पीडवर, साखरप्याला थांबून भजी. मान्सून आज कोकणात पोचला अशी बातमी, केरळात कालच आलेला. नाना म्हणतात, मिरगाच्या आधी पंधरा दिवस पेरणीची घाई करायला लावणारा असा पाऊस त्यांनी बघितला नव्हता.

येताना डीसी-डीसी चार्जर (चालत्या इंजिनावरून मागची बॅटरी भरणारा) मुद्दाम बंद ठेवला होता, नाहीतर अल्टरनेटरने लिथियम शंभरला नेऊन सोडली असती. तरी पोचलो तेव्हा ८१ टक्के होती. खाली कशी आणायची हा प्रश्न लाइटनेच सोडवला, संध्याकाळी गेली, मग व्हॅनमधून एक्स्टेन्शन काढून ओटीवर दोन पंखे आणि दिवा दीड-दोन तास. काकू खुश. ६२ वर थांबवलं.

आज सकाळी क्रमाने: सिलिंडर काढून नानांच्या पडवीत. टपावरच्या पॅनलचा आयसोलेटर (तोडायचा स्विच) बंद, मग बॅटरीचा मेन स्विच बंद. हा क्रम उलटा नको, पॅनल जोडलेला असताना एमपीपीटीची बॅटरी काढू नये. फ्रिजचं दार काठी लावून उघडं.

पुढे इंजिनाची बॅटरी. गाडीचा मायनस क्लँप काढला, सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळून बाजूला बांधला. मग कंट्रोलरच्या दोन वायरी थेट बॅटरीच्या पोलवर, प्लसच्या वायरीला फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ, कारण शॉर्ट झाला तर आग लावणारी ताकद बॅटरीत आहे, पॅनलमध्ये नाही. कंट्रोलर बॅटरीजवळ ठेवला आणि लांब वायर पॅनलच्या बाजूला टाकली, म्हणजे कंट्रोलरला बॅटरीचं खरं व्होल्टेज दिसतं. आधी बॅटरी जोडायची मग पॅनल, नाहीतर काही कंट्रोलर गोंधळतात. फ्लोट १३.६ ला ठेवलाय. २५ डिग्रीला १३.५ ते १३.८ चालतं पण दर डिग्रीमागे वीसेक मिलीव्होल्ट कमी करावे लागतात, आणि पावसाने उघडीप दिली की ही शेड सहज ३५ ला जाते. या कंट्रोलरमध्ये सेन्सर आहे पण त्याच्यावर माझा फार विश्वास नाही, म्हणून मुळातच खालचा आकडा. युरोपातले व्हॅनवाले बॅटरी गोठू नये म्हणून काय काय करतात ते वाचलंय, आपल्याला चिंता उलट्या टोकाची.

पॅनल कुठल्या दिशेला झुकवायचा यावर नानांशी वाद. ते म्हणाले दक्षिणेला, सोलरवाले सगळे दक्षिणेलाच लावतात. बरोबर आहे, वर्षभरासाठी. पण इकडे शून्य सावलीचा दिवस मेच्या दुसऱ्या आठवड्यात होऊन गेला, तिथून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेलाच असतो. म्हणून जवळजवळ आडवाच ठेवला, पाणी निथळायला जेमतेम उतार.

रिमझिम चालू असताना कंट्रोलरवर ०.११ अँपिअर. म्हणजे तीन-साडेतीन तास असे मिळाले तरी भागलं. २० वॅट पुरेसा आहे, मोठा घ्यायची गरज नव्हती.

८ जून

नानांना दर रविवारी कंट्रोलरच्या स्क्रीनचा फोटो पाठवायला सांगितलंय. आज १३.६. फोटोत अर्ध्याहून जास्त त्यांचा अंगठा.

२९ जून

फोनवर नाना: "अरे, मी काय म्हणतो, महिन्यातून एकदा ये, मायनस लाव, गाडी स्टार्ट कर, दहा मिनिटं घुर्र करून ठेव. आमच्या वेळी ट्रॅक्टरला हेच करायचो."

"नाना, त्याने नाही होत तेवढं."

मग त्यांना सांगितलं ते इथेही. सेल्फ मारायला जातं फारसं नाही, ३०० अँपिअर तीन सेकंद धरले तरी पाव एएच. पण आयडलवर दहा मिनिटांत बॅटरीत परत जाणार किती, २० अँपिअरने धरा, तीन-सव्वातीन एएच. मी ११ मे ला मोजलेल्या गळतीने तेवढे दोन दिवसांत संपतात. मायनस लावलेला राहिला तर महिनाभराची गळती ४९ आणि भरणा ३. वर थंड इंजिन पूर्ण तापत नाही, सायलेन्सरमध्ये पाणी साठतं, ऑइलमध्ये ओल जाते. गाडी काढायचीच तर अर्धा-पाऊण तास रस्त्यावर पळवून आणावी, टायरलाही बरं. पण या पावसात त्या उतारावरून नाना ती गाडी काढणार म्हटल्यावर मलाच झोप लागायची नाही.

"बरं बाबा, तुझं तू बघ," असं म्हणून विषय भाताच्या लावणीवर.

१३ जुलै

झाड पडून गावात लाइट नाही, बुधवारपासून. नानांचा फोन चार्ज करायला शेजारच्या वाडीत. आज फोटो आला, १३.५. विजेवरचा चार्जर ठेवला असता तर आत्ता तो बॅटरी चाटत बसला असता.

२० जुलै

आज १२.८. गेल्या रविवारी १३.५ होतं. पाऊस जास्त आहे पण इतकाही फरक पडायला नको, ढगात पॅनल कमी देतो, शून्य देत नाही. पहिला विचार उंदीर. शेडमध्ये गोणी आहेत, वायर कुरतडली असणार असं धरून नानांना व्हिडिओ कॉल केला, फ्यूज दाखवा, वायर दाखवा, जोडण्या दाखवा. सगळं जागेवर. पॅनलचा करंट ०.०१.

मग नाना छत्री घेऊन बाहेर गेले आणि हसायला लागले. काकूंनी शेडच्या कडेला पडवळ लावलाय, त्याचा वेल खांबावरून चढून पॅनलवर आडवा पसरलाय, दोन पानं मस्त तळहाताएवढी. अशा पॅनलमध्ये ३६ सेल एकामागोमाग जोडलेले असतात, त्यातले दोन-तीन जरी पूर्ण झाकले तरी सगळ्यांचा करंट त्या झाकलेल्यांच्या मापाने जातो. म्हणजे पॅनलचा दहावा भाग झाकला तर दहावा भाग कमी मिळेल असं नसतं, जवळपास सगळंच जातं.

नाना कोयती घेऊन निघाले तर मागून काकूंचा आवाज, "वेलाला हात लावू नका हां, फुलं आलीयत!" शेवटी वेल सुतळीने दुसरीकडे वळवला. पाच मिनिटांत ०.२३ अँपिअर.

२७ जुलै

१३.५. काचेवर हिरवं शेवाळ धरायला लागलंय असं नाना म्हणाले, ओल्या फडक्याने पुसलं.

२६ ऑगस्ट

उद्या गणपती, आज रात्री पोचलो. व्हॅन उघडली तर वास. गाद्यांच्या कव्हरवर बुरशीचे ठिपके, चामड्याच्या स्टिअरिंग कव्हरवर तर अख्खा पांढरा थर. बॅटरीचं एवढं केलं पण ओलीचं काय हा वेगळाच प्रकल्प आहे, पुढच्या वर्षी कव्हरं काढून पुण्यालाच नेणार.

२८ ऑगस्ट

आरत्या आणि मोदकांमधून वेळ काढून तपासणी. पॅनल सोडवला, बॅटरी रात्रभर तशीच ठेवली, सकाळी १२.७०. हायड्रोमीटर १.२६५ ते १.२७०, मे महिन्यात होती तशीच. पाण्याची पातळी ढिम्म हलली नाही, म्हणजे १३.६ चा फ्लोट जास्त झालेला नाही. मला ही पातळी व्होल्टेजपेक्षा महत्त्वाची वाटते, ओव्हरचार्ज होत असता तर पाणी आधी बोललं असतं.

लिथियमच्या टोकांवर १३.१७. यावरून टक्के काढायच्या फंदात पडू नये, एलएफपीचं व्होल्टेज मधल्या सगळ्या पट्ट्यात जवळपास सपाटच असतं, ७० ला आणि ४० ला ०.१ व्होल्टचा फरक. एवढंच कळतं की ती सुखरूप आहे. कोणाला अशा वेळी मीटरवर शून्य दिसलं तर लगेच बॅटरी गेली म्हणून रडू नका, बीएमएस झोपलेला असू शकतो, लिथियमचा चार्जर लावला की बहुतेक जागा होतो. फक्त लेड अ‍ॅसिडचा 'रिपेअर' मोडवाला चार्जर तिला लावायचा नाही, तो १५ व्होल्टच्या वर जातो.

भाऊ मुंबईहून आलाय, त्याच्याकडे नवी बीएस६ डिझेल. तो म्हणे मीही मायनसला कट-ऑफ स्विच लावतो. लाव, पण यूरियावाली (धूर स्वच्छ करायला यूरिया फवारणारी) गाडी असेल तर इग्निशन बंद केल्याकेल्या स्विच फिरवायचा नाही, ती पंप चालवून पाइपातला यूरिया मागे ओढून घेते, त्याला काही मिनिटं द्यायची.

१४ सप्टेंबर

१३.६. फोटोत अंगठा नाही, प्रगती.

२ ऑक्टोबर, दसरा

गाडी काढायची होतीच, पूजेचा मुहूर्त बरा. पॅनलची वायर आधी सोडवली, मग कंट्रोलर, मग गाडीचा मायनस क्लँप जागेवर, छोटीशी ठिणगी उडते ती घड्याळ-ईसीयूची, घाबरायचं नाही. फ्यूज परत. म्युझिक सिस्टिम सगळं विसरलीय, घड्याळ बारा वाजून शून्य मिनिटांवर.

मीटर लावून सेल्फ मारला. रेस्टला १२.७१, क्रँकिंगला (सेल्फ इंजिन फिरवत असताना) खाली १०.६, पहिल्याच फटक्यात चालू. ९.६ च्या खाली गेलं असतं तर बॅटरी म्हातारी झाली असं धरलं असतं. चालू झाल्यावर अल्टरनेटर १४.२. पाचेक मिनिटं आयडल जरा वरखाली झालं, ईसीयू शिकत होता, मग स्थिर.

लिथियमचा मेन चालू केला, शंटवर ६२ टक्केच दिसतंय कारण स्विच बंद असताना तो मोजत नाही. खरा आकडा शंभर करूनच कळेल. उद्या पुण्याला जाताना डीसी-डीसी चालू ठेवणार, घरी १४.४ ला नेऊन तासभर धरणार म्हणजे सेल बॅलन्स होतील आणि शंटही शंभरावर नव्याने जुळेल.

झेंडू वायपरला बांधले, लिंबू टायरखाली. नानांनी पॅनल आणि कंट्रोलर परत न्यायला नकार दिलाय, म्हणजे मला न्यायला. गोठ्यात दिवा लावायचाय म्हणे, घरच्या इन्व्हर्टरची जुनी बॅटरी आहेच. तिचा हायड्रोमीटर पाहिला, तीन सेल १.२४०, तीन १.१७०. जमेल असं वाटत नाही, दिवाळीला येतो तेव्हा चार्जर घेऊन येतो म्हटलं, बघू.